आधी अनवाणी

कारागिराच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. बूट करून घ्यायला कुणीही येवो, त्याने आधी पायातलं काढायचं, दारापासून आतल्या भिंतीपर्यंत अनवाणी चालत जायचं आणि तसंच परत यायचं. कोण कंबर तिरकी टाकतो, कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाचा एक पाय आखूड आहे, हे कारागिराला त्या बावीस पावलांत कळायचं. गिऱ्हाइकाला स्वतःबद्दल ते चाळीस वर्षांत कळलेलं नसे. "बूट थापा मारतात," तो म्हणायचा. "आधी अनवाणी." एकदा एक बडे साहेब मोजे काढायला तयार होईनात, तर याने त्यांना दार दाखवलं होतं. बायकोने त्यावरून त्याला दोन दिवस ऐकवलं, पण नियम राहिला.

आखूड पायाच्या माणसांसाठी बुटाच्या आत कॉर्कचा थर बसवण्यात त्याचा हातखंडा होता. हाडांच्या डॉक्टरबाई आपले पेशंट त्याच्याकडेच पाठवायच्या. त्यामुळे लंगडणारी माणसं त्याने आयुष्यात इतकी पाहिली होती की सरळ चालणारा माणूस दिसला तर तो जरा संशयानेच बघायचा. हे ज्ञान त्याच्या धंद्याला फार उपयोगी होतं. बापाला मात्र ते कसं छळतं, हे त्याला त्या सोमवारी सकाळी कळलं.

"बाबा, माझा पाय उठत नाहीये," भिंगरी अंथरुणातून म्हणाली.

भिंगरी म्हणजे त्याची चार वर्षांची मुलगी. जागेपणी ती एका ठिकाणी कधी सापडली नव्हती म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव फक्त शाळेच्या अर्जापुरतं उरलं. कारागिराला आधी वाटलं, शाळा बुडवायचा नवा शोध लागलाय. मग ती पलंगाला धरून उभी राहिली, डावं पाऊल टाकलं आणि उजवा पाय मागून ओढला. दोन पावलं चालून ती जमिनीवर बसली आणि गुडघा धरून रडायला लागली.

दुपारी बारापर्यंत तिघंही डॉक्टरबाईंसमोर होती. बाईंनी गुडघा नीट पाहिला आणि सोडून दिला. मग पाय खुब्यातून हळूच आत वळवला, तेव्हा भिंगरी किंचाळली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. ताप नव्हता.

"खुब्याच्या सांध्यात थोडं पाणी झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती ना हिला? त्याचंच शेपूट आहे हे. दुखतं खुब्यात आणि मुलं दाखवतात गुडघा. या वयात पुष्कळ मुलांना होतं. विश्रांती द्या, हे दुखण्याचं औषध द्या, आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल."

"आणि नाही गेलं तर?" कारागिराने विचारलं.

"ताप आला, दुखणं वाढलं किंवा पाय टेकेनाशी झाली, तर त्याच दिवशी आणा. नाहीतर पुढच्या गुरुवारी दाखवा. तेव्हाही लंगडत असली, तर मोठी तपासणी करू. क्वचित एखाद्या मुलाच्या खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडतं, ते बघावं लागेल. पण आत्ता तसं काही दिसत नाहीये."

बायको टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायची. आलेलं पाकीट ज्या खणाचं त्या खणात टाकायचं आणि पुढचं उचलायचं, ही तिची बारा वर्षांची सवय. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं तिने शब्दन् शब्द वहीत लिहून घेतलं, कॅलेंडरवर पुढच्या गुरुवारभोवती गोल काढला आणि काळजी त्या खणात टाकून दिली. निदान वरून तरी तसंच दिसत होतं. कारागिराच्या डोक्यात मात्र शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. हाडाला रक्त कमी पडतं. अशा चार जणांचे बूट त्याने स्वतः केले होते.

"तुम्ही यात काही करायचं नाही," बायकोने परतीच्या वाटेवर बजावलं. ती नवऱ्याला ओळखून होती. "तुमचं मोजमाप, तुमचे थर, काही नको. तिला नुसतं पडू द्यायचं."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीत, म्हणूनच सांगतेय."

मंगळवारी बायको कामावर गेली. घर मागे आणि दुकान पुढे, त्यामुळे भिंगरीची गादी दुकानातच, कातड्यांच्या मांडणीखाली घातली होती. तिच्या उशाशी तिचे नवे लाल बूट होते. ते कारागिराने महिन्यापूर्वी तिच्या वाढदिवसाला केले होते. त्या बुटांचं वेड असं की ती रात्री ते घेऊन झोपायची आणि सकाळी डोळे चोळायच्या आधी पायात घालायची. तळ अजून कोरे म्हणून आई घरातही घालू द्यायची.

अकराच्या सुमाराला गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या डाव्या बुटात दीड इंचाचा थर असायचा आणि दर वर्षी तो नवा करून द्यावा लागायचा. त्यांनी गादीवरच्या भिंगरीकडे पाहिलं, काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "माझंही असंच सुरू झालं होतं म्हणे. पाच वर्षांची होते. चार दिवसांत बरं वाटेल म्हणाले सगळे. मग काय, वाटलंच नाही."

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना आपली आठवण सांगायची होती, ती त्यांनी सांगितली, आणि नव्या बुटाला बक्कल हवं की नाडी या विषयाकडे वळल्या. कारागिराच्या हातातली आरी मात्र चामड्यात अर्ध्यावरच राहिली. "बक्कलच करा," बाई म्हणाल्या, तेही त्यांना दोनदा सांगावं लागलं.

त्या गेल्यावर त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं. भिंगरी औषधाच्या गुंगीत दुपारची झोपली होती, उजवी बाजू आवळून, पाय जरा वर ओढून. कारागिराने मोजपट्टी काढली. नाभीपासून डाव्या घोट्यापर्यंत मोजलं. नाभीपासून उजव्या घोट्यापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. उजवा पाय अर्धं बोट आखूड भरला.

आपल्या पोरीचा पाय आखूड होत चाललाय, आणि हे या जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं त्याला वाटलं. त्याला रडू आलं, डोळे त्याने चामडं पुसायच्या फडक्याने पुसले. बायकोला सांगावं तर ती वही उघडून दाखवणार. डॉक्टरबाईंना सांगावं तर त्या म्हणणार, गुरुवारी या. आणि तोवर पोर वाकडी चालली, पाठीचा कणा तिरका पडला, तर? दुसऱ्याच्या पोरासाठी आपण जे करतो ते स्वतःच्या पोरीसाठी करायचं नाही, हा कुठला न्याय?

त्याने उजवा लाल बूट उचलला. आतलं अस्तर चामडं कापायच्या रापीने अलगद सोडवलं, कॉर्कचा पातळ थर कापून, कडेने तासून आत चिकटवला आणि अस्तर पुन्हा असं बसवलं की बोटाला शिवणही लागू नये. काम इतकं सफाईदार झालं की क्षणभर त्याला बरंसुद्धा वाटलं.

भिंगरी उठली तेव्हा त्याने स्वतःच तिच्या पायांत बूट चढवले.

"हा बूट जाड झालाय," ती म्हणाली.

"त्यात मी जादू घातलीय. पाय लवकर बरा व्हावा म्हणून. आईला सांगायचं नाही. आपलं गुपित. बरं वाटतंय ना?"

भिंगरीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस ती पडूनच होती. न्हाणीघरात आई उचलून न्यायची, जेवायला बाबा उचलून बसवायचा. शुक्रवारी सकाळी तिने पाय हवेत सायकलसारखे फिरवले आणि जाहीर केलं की आता काही दुखत नाही. बायकोने वही पाहिली. पाचव्या दिवसापासून घरातल्या घरात हळूहळू चालायला हरकत नाही, असं लिहिलेलं होतं. तिने लेकीला दोन्ही हातांनी धरून उभं केलं. पायात अर्थातच लाल बूट होते.

भिंगरी चालली, पण सरळ नाही. दर पावलाला एकीकडे झुकत, जरा डुगडुगत चालली. बायकोने कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार अजून सहा दिवसांवर होता.

"दुखतंय का गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग अशी का चालतेस?"

भिंगरीने बाबाकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

शनिवारी तसंच. रविवारी तसंच. आता बायकोचाही धीर सुटायला लागला. ती कामावरून येताच आधी लेकीला चालून दाखवायला सांगायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. सोमवारी तिने भांडं घासता घासता विचारलं, "अहो, तुमच्याकडे असे पेशंट येतात ना? लहानपणापासूनचे?" इतके दिवस तिने त्याला काही विचारलं नव्हतं. कारागीर म्हणाला, "येतात एखाददुसरे." त्याच्याकडे असे चार जण होते, आणि गाण्याच्या बाई पाचव्या.

त्याने मंगळवारी पुन्हा बूट उघडला. थर पुरला नाही, एवढाच त्याने अर्थ काढला. पाय आणखी आखडला असणार. या वेळी भिंगरी जागी होती, हसत होती आणि मोजपट्टी लावू देत नव्हती, म्हणून त्याने मोजलंच नाही. अंदाजाने दुसरा थर घातला. गिऱ्हाइकाच्या बुटाला असा अंदाजपंचे हात लावणाऱ्या कारागिराला त्याने दुकानात उभं केलं नसतं.

बुधवारी भिंगरी पहिल्यापेक्षा जास्त लंगडली. संध्याकाळी बायको तिच्या शेजारी आडवी झाली ती उठलीच नाही. कारागीर दुकानात दिवा न लावता बसला. त्याला आता खात्री झाली होती. आणखी दहा वर्षांनी हीच पोर बाकावर बसलेली असेल आणि आपण तिला विचारत असू, बक्कल हवं की नाडी.

गुरुवारी डॉक्टरबाईंच्या खोलीत बसायला तीन खुर्च्या होत्या, पण बसलं कुणीच नाही. डॉक्टरबाईंनी भिंगरीला दारापासून खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. ती चालली. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली.

त्यांनी तिला उंच टेबलावर घेतलं. आईने बूट काढले. डॉक्टरबाईंनी उजवा पाय वाकवला, आत वळवला, बाहेर वळवला, छातीपर्यंत नेला. भिंगरीला गुदगुल्या झाल्या. डाव्या पायाचंही तसंच झालं.

"सांधा तर मोकळा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या हे स्वतःशीच म्हणत होत्या आणि ते त्यांना पटत नव्हतं. "दुखत नाही म्हणते. पण चालते वाकडी. तेव्हा थांबण्यात अर्थ नाही. उद्याच मोठी तपासणी करून घेऊ. यंत्रात अगदी हलायचं नसतं, एवढ्याशा मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते. सकाळपासून उपाशी ठेवा."

त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि लिहायला लागल्या. बायको भिंगरीसमोर वाकली आणि तिच्या पायात डावा बूट चढवायला लागली. तिच्या हातून नाडी बांधली जाईना. कारागीर ते बघत होता. त्याला भूल दिलेली, पांढऱ्या चादरीखाली निपचित पडलेली पोर दिसत होती. मग त्याला टेबलाच्या कडेला लोंबकळणारं तिचं उजवं पाऊल दिसलं. उघडं, गुबगुबीत पाऊल. तीन दिवस आईबापाच्या कडेवर आणि पुढचे सहा दिवस लाल बुटात गेलेलं. ते पाऊल उघडं जमिनीवर टेकलेलं आपण त्या पहिल्या सोमवारपासून पाहिलेलंच नाही, हे त्याला तेव्हा उमगलं. दुकानात येणाऱ्या कुणाही उपऱ्याला आपण जे पहिलं करायला लावतो, ते आपल्या पोरीला एकदाही करायला लावलं नाही.

"बूट घालू नकोस," तो म्हणाला.

बायकोने वर पाहिलं. "का?"

"आधी अनवाणी चालू दे तिला."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. भिंगरी बाबाकडे बघून कुजबुजली. चार वर्षांच्या मुलाची कुजबुज, ती बाहेरच्या बाकापर्यंत गेली असेल.

"पण बाबा, मग आपलं गुपित कळेल ना."

"कळू दे."

त्याने तिला उचलून खाली ठेवलं. भिंगरीने गार फरशीवर बोटं आक्रसली, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि चालायला लागली. सरळ. खिडकीपर्यंत सरळ गेली, वळली, सरळ परत आली, आणि आपल्याकडे सगळे इतके टक लावून बघताहेत हे पाहून खूश झाली आणि पुन्हा धावतच गेली. बायकोने टेबलाची कड धरली.

"कसलं गुपित?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

कारागिराने उजवा बूट उचलला. खिशातली छोटी रापी काढून अस्तर सोडवलं आणि आतले दोन्ही थर डॉक्टरबाईंच्या अर्जावर ठेवले. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं: गाण्याच्या बाई, मोजपट्टी, अर्धं बोट, दुसरा थर.

"दुखरी बाजू आवळून झोपलेलं मूल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याला नाभीपासून मोजपट्टी लावली तर फरक येणारच. कंबरच तिरकी असते, पाय सारखेच असतात. आणि कारागीर, पहिल्या दिवशी ही उजवा पाय ओढत होती. आज डावीकडे झुकत होती. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"दुसऱ्या कुणाची असती तर आलं असतं," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी अर्ज फाडला. आणखी काही बोलावं असं त्यांच्या मनात होतं, पण त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते काम तिच्यावर सोपवलं.

तिघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात आली. भिंगरी पुढे अनवाणी पळत होती. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणी, पळू नको, म्हटलं नाही. बायकोच्या एका हातात लाल बूट होते. दुसरा हात तिने नवऱ्यासमोर धरला.

"ते दोन तुकडे द्या इकडे."

त्याने दिले. तिने ते पर्समध्ये, वहीच्या पानांत ठेवले.

"मी रात्र रात्र तिच्या पायावर हात ठेवून जागी असायचे," ती म्हणाली. "शेजारी तुम्हीही जागे असायचात. तेव्हा एकदा तरी सांगायचं होतं." मग तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराचं टोक त्याच्याकडे केलं. "पुसा. लोक बघताहेत."

दुकानात परतल्यावर कारागिराने उजव्या बुटाचं अस्तर पुन्हा बसवलं, या वेळी आत काहीही न घालता. भिंगरी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून पाय हलवत होती. बायको आतल्या दाराशी उभी होती. त्याने दोन्ही बूट लेकीच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या, सवयीने म्हणायला तोंड उघडलं, बरं वाटतंय ना, आणि थांबला.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत खाली बसून राहिला.

भिंगरीने बराच विचार केला. आधी उजवा पाय हलवला, मग डावा.

"हा आता बरा आहे," ती उजव्याबद्दल म्हणाली. "हा करंगळीला टोचतो."

"डावा? कधीपासून?"

"वाढदिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"तू किती खूश झाला होतास," भिंगरी म्हणाली.

कारागिराने डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि तिचं पाऊल हातात घेतलं. करंगळीवर मसुराएवढा लाल वण होता. दहा दिवस तो दुसऱ्याच पायाकडे बघत होता.